बँडवाल्यांच्या जेवणाचं खातं

९ नोव्हेंबर १९९८, सोमवार

बुफे या पद्धतीविरुद्ध माझी तक्रार आहे, आणि ती केवळ पापडापुरती आहे. पंगतीत पापडाला पत्ता होता. पानाची डावी बाजू, चटणी-कोशिंबिरीची आळी, तिथे तो निर्धास्त राहायचा. काल माधव नगरात आमच्या कॉलेजातल्या जोशींच्या मुलीच्या लग्नात मी एका हातात ताटली, दुसऱ्या हातात चमचा घेऊन उभा होतो, तेव्हा माझ्या पापडाला या भूतलावर जागा उरली नव्हती. भातावर ठेवला, तो लोळागोळा झाला. दुसरा घेतला तो दातांत धरला, नेमके तेव्हाच प्राचार्य समोर येऊन नमस्कार करते झाले. मी मान हलवली. पापड पडला. पाश्चात्त्यांनी हे जेवण शोधलं तेव्हा त्यांच्याकडे पापड नव्हता, हे उघड आहे. आपण मात्र आपला पापड विचारात न घेता ते आणलं.

सॅलडमध्ये कांदा नव्हता. कांद्याचे सध्याचे भाव बघता कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

इंदूरच्या मासिकाला मी दर महिन्याला उज्जैनची खबरबात धाडतो. संपादकांचं पत्र आहे की यंदा लग्नांतल्या बदलत्या जेवणावर लिहा. पाहुणे काय जेवतात हे पाहुण्यांना माहीत असतं. मी ठरवलंय की वाजवणारे काय जेवतात ते बघायचं. बँडवाले, ढोलवाले, आणि हे नवीन डीजेवाले. त्यांना कोण, केव्हा, कुठे वाढतं?

बायकोला, कुसुमला सांगितलं तर म्हणाली, "हे एकदम कुठून सुचलं?"

मी म्हटलं, "जिज्ञासा."

तिनं मेथी निवडणं थांबवलं नाही, पण हसली.

श्रेयसचा या विषयाशी संबंध नाही. तो बी.कॉम. झाला, बँकेच्या परीक्षेला बसायचं सोडून दसऱ्याला त्यानं मित्राच्या भागीदारीत दोन आलमारीएवढे स्पीकर आणले, आणि टेम्पोवर 'डीजे श्रेयस' असं रंगवून घेतलं. हिताचं ते श्रेयस, आवडीचं ते प्रेयस, यांत शहाण्यानं श्रेयस निवडावं, असं ऋषी सांगून गेले म्हणून मी ते नाव ठेवलं होतं. कुसुमनं मधला मार्ग काढलाय: संक्रांतीपर्यंत एक सीझन करून बघ, नाही जमलं तर परीक्षा. माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी बराच वेळ बोललो असतो, बहुधा म्हणूनच.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

छत्री चौकाजवळ गोपाळ मास्टरांचं बँडचं दुकान आहे. बाहेर खुंटीवर लाल कोट, आत मास्टर. क्लॅरिनेट वाजवतात. देह भारदस्त, मिशा त्याहून भारदस्त. माझं काम सांगताच त्यांनी खुर्ची पुसली.

"खाने पे लिखोगे? बाजे पे नी? चलो, वो भी ठीक. लिखो."

मग त्यांनी सबंध शहराची, जातीवार, मोहल्लावार पाकपरीक्षा केली. अमुक सेठांकडे पुडीभाजीचा पुडा हातात देतात आणि फाटक दाखवतात. तमुक ठिकाणी सेव-नुक्ती, म्हणजे शेव-बुंदी, तीही कालपरवाची. एका ठाकुराकडे बँडला आधी बसवलं आणि स्वतः ठाकूर वाढत होते, ते सांगताना मास्टरांचा आवाज ओला झाला, मग लगेच म्हणाले की नुक्ती मात्र कच्ची होती.

"और हम मराठी लोग?"

"बुरा मत मानना, प्रोफेसर साब. मराठी घर में पूछते बहोत हैं. 'जेवले का, जेवले का.' चार-चार आदमी पूछ जाते हैं. खिलाता कोई नी."

मी वहीत लिहून घेतलं. खोटं आहे असं म्हणता आलं नाही.

"और ये डीजेवाले?" मी सहज विचारलं.

मास्टरांनी पान जमवलं. डीजेवाल्यांमुळे त्यांचा अर्धा धंदा गेला आहे, तरी आवाजात द्वेष नव्हता, थोडं कुतूहलच होतं. "उनका और खराब है. हमारा तो लाल कोट दिखता है, कोई ना कोई बोल देता है, इनको भी दे दो. वो लड़के पढ़े-लिखे, साफ कपड़े. केटरर समझे मेहमान है, खुद ले लेगा. मेहमान समझे नौकर है, पीछे मिल जाएगा. बीच में लटका रहता है."

निघताना त्यांनी विचारलं, "आपका भी एक लड़का है ना? क्या करता है?"

मी म्हटलं, कॉमर्स.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दुपारी श्रेयस उठला तेव्हा मी कॉलेजातून आलो होतो. माझं जेवण साडेदहाला होतं, त्याचं ताट कुसुम झाकून ठेवते. तो जेवत होता, मी पेपर वाचत होतो.

"काल कुठे होतं?"

"देवास रोडला."

"जेवण?"

"होतं ना."

"कुठे बसलात?"

"बाबा, बसत नाही कुणी आजकाल."

लेखासाठी हे पुरेसं नाही. पण मुलाखत देणाऱ्याला पुन्हा झोप येत होती.

२२ नोव्हेंबर, रविवार

काल नानाखेड्याच्या एका मॅरेज गार्डनमध्ये, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बहिणीचं लग्न. गेल्यावर कळलं की डीजे आमचाच. कुसुम म्हणते मला आधीच माहीत होतं, कारण मी न सांगता दाढी केली. हा पुरावा ग्राह्य नाही.

आम्ही झेंडूच्या कमानीमागे उभे राहिलो. मुलाच्या कामावर आई-बाप उभे आहेत हे शोभत नाही, म्हणून. तिथून निरीक्षण उत्तम झालं. श्रेयस डोक्याला हेडफोन लावून दोन यंत्रांच्या मध्ये उभा होता, एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याच्या कमरेला धरून आणत होता. आवाज असा की ताटातलं रायतं थरथरत होतं. पण सांगायला हरकत नाही, नाचणाऱ्यांतली एक आजीबाई दमून बसायला लागली तसं त्यानं ते ओळखलं, आणि गाणं असं हळू केलं की ती थांबली असं कुणाला वाटलंच नाही.

महत्त्वाचा शोध लागला तो असा. मध्येच त्यानं एक भलंमोठं गाणं लावलं, कव्वालीसारखं, संपेचना. त्याचा भागीदार अभिजीत पळत जाऊन एक ताटली घेऊन आला आणि दोघं स्पीकरच्या मागे बसून भराभरा जेवले. गाणं संपायला आलं तसा श्रेयस हात पँटला पुसत उठला. म्हणजे डीजेला टेबल सोडता येत नाही. लांब गाणं हाच त्याचा जेवणाचा वेळ. लांब गाणं वाजलं की समजावं, डीजे जेवतोय. हे वाक्य लेखात घालायचं.

"गुलाबजाम घेतलाच नाही त्यानं," कुसुम म्हणाली.

"गाणं संपलं," मी म्हटलं.

"लेख फार मोठा होऊन राहिला आहे तुमचा."

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

भय्यासाहेब आले होते. आमच्या मोठ्या काकांचे चिरंजीव; त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांनी शिंदेसरकारच्या दफ्तरात काम केलं, त्याचा थकवा त्यांच्या चेहऱ्यावर अजून आहे. त्यांच्या तेजस्विनीचं लग्न दहा डिसेंबरला, गोरज मुहूर्तावर. कामं वाटायला आले होते. दागिने एकाकडे, पाहुण्यांच्या खोल्या दुसऱ्याकडे, केटरर तिसऱ्याकडे. माझ्याकडे बघून थोडे थांबले.

"श्रीपाद, तू बँडवाले आणि डीजे यांच्या जेवणाचं बघ. फार डोकं लागत नाही त्याला."

"डीजे कोण आहे?"

"म्हणजे काय? आपला श्रेयस! घरचा मुलगा असताना बाहेरचा कशाला? वाजवेल जबरदस्त. संध्याकाळी रिसेप्शनला. बँड गोपाळ मास्टरचा, वरातीला."

खरं तर पद लहान आहे, पण अभ्यास माझाच झालेला आहे. मी स्वीकारलं. श्रेयसही लगेच हो म्हणाला. कुसुम म्हणाली की घरच्या लोकांसमोर चांगलं झालं की त्याचं नाव होईल, मग लोक बँक-बँक करणार नाहीत. 'लोक' म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं.

४ डिसेंबर, शुक्रवार

तत्त्व ठरलं. आपल्या शास्त्राचं म्हणणं असं की अतिथी जेवावेत, आश्रित जेवावेत, सेवक जेवावेत, आणि मग उरलेलं यजमान नवरा-बायकोनं खावं. म्हणजे बँडला मागच्या दारी पुडा देणं हा धर्म नव्हे, ती मागाहून आलेली सवय आहे. मी बँडची स्वतंत्र पंगत बसवणार. जमिनीवर, पत्रावळीवर, रांगोळीसकट, वरातीच्या आधी. वाढणार मी स्वतः. मराठी घर फक्त विचारतं हा डाग उज्जैनमध्ये पुसला गेलाच पाहिजे.

कुसुम म्हणाली, "वरातीच्या आधी? नंतर नाही?"

"यजमानाच्या आधी," मी म्हटलं. "शास्त्र स्पष्ट आहे."

११ डिसेंबर, शुक्रवार

कालचं सविस्तर लिहितो, कारण घरात तोंडी सांगायची सोय राहिलेली नाही.

दुपारी साडेतीनला बँड आला. लाल कोट, सोनेरी झालर, सगळे इस्त्री केलेले. मी हॉलच्या मागच्या व्हरांड्यात पत्रावळी मांडल्या होत्या. गोपाळ मास्टरांनी रांगोळी पाहिली आणि टोपी काढली.

"प्रोफेसर साब, बाद में. बारात के बाद."

मला हे सुसंस्कृत वाटलं. पाहुण्यानं पहिल्यांदा नको म्हणणं ही पद्धतच आहे. मी म्हटलं, "आधी जेवण, मग वाजवणं."

"दो पुड़ी, बस."

यावर आग्रह करणं प्राप्त होतं. आपल्याकडे 'बस' म्हणणाऱ्याच्या पानात आणखी पडतं, हे कुणी शिकवायला लागत नाही. मी बासुंदी वाढली. जिलबी वाढली. ढोलवाल्याला मठ्ठा दोनदा. मास्टर दोन्ही हात पानावर आडवे धरत होते, तसं मी त्यांच्या बोटांच्या फटीतून जिलबी ठेवली. ते हसायला लागले. मग तेही रंगले. "आज पहली बार," असं काहीतरी म्हणाले आणि वाटी पुढे केली. मला फार बरं वाटलं. शेवटी त्यांना उठवायला दोघांनी हात दिला.

आपल्याकडे पूर्वी वरात लग्नानंतर निघायची. मालव्यात राहून आपण ती आधी आणली आहे. वरपक्ष देवासचा. नवरामुलगा रस्त्यापलीकडच्या धर्मशाळेत घोड्यावर बसला, मास्टरांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं, आणि त्यातून एक सूर आला तो मी यापूर्वी फक्त बदकांच्या बाबतीत ऐकला आहे. पुन्हा प्रयत्न केला. उचकी लागली. ट्रम्पेटवाल्यानं गाल फुगवले, मग पोटावर हात ठेवला, मग ट्रम्पेट खाली ठेवलं. फुंकणाऱ्या माणसाला आधी पोटभर जेवू घालू नये, हे कोणत्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. मी पाहिलं होतं.

ढोल तेवढा चालू होता. देवासच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातले एक काका मोठ्यानं म्हणाले, "मुलीकडचे मौनव्रती आहेत का?" भय्यासाहेबांच्या चेहऱ्यावर शिंदेसरकारचा सगळा दरबार गोळा झाला.

"श्रीपाद! काय खायला घातलंस त्यांना?"

मी यादी सांगायला लागलो, पण त्यांना ती नको होती.

मग श्रेयस दिसला. रस्त्यावरच्या भाजीवाल्याशी त्याचं काहीतरी बोलणं झालं, आणि त्याच्या ठेल्यावर पालकाच्या जुड्या बाजूला सारून एक मोठा स्पीकर चढला. दुसऱ्या ठेल्यावर जनरेटर. अभिजीत वायर धरून मागे पळत होता. आणि सनई लागली. शुद्ध, मंगल सनई. घोडा दचकला, मग चालायला लागला. पन्नास पावलांवर श्रेयसनं सनईतून नाचाचं गाणं असं काढलं की देवासचे ते मौनव्रतवाले काकाच पहिल्यांदा नाचायला लागले. गोपाळ मास्टर वरातीच्या मागे, कमरेवर हात ठेवून, शांतपणे चालत होते. मला म्हणाले, "लड़का किसका है ये?"

"माझा," मी म्हटलं. मग त्यांना समजावं म्हणून पुन्हा, "मेरा."

त्यानंतर रिसेप्शन. श्रेयस वरातीवरून थेट टेबलाशी उभा राहिला तो शेवटपर्यंत. नमूद करण्यासारखी गोष्ट ही की त्यानं एकही लांब गाणं लावलं नाही. एकामागून एक छोटी, फटाफट, कुणाला बसू दिलं नाही. अभिजीत ठेलेवाल्याबरोबर स्पीकर परत आणण्यात गुंतला होता. भय्यासाहेब नंतर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बँडची तू वाट लावलीस, पण पोरानं लाज राखली."

सारांश: पद्धत चुकली, हेतू नाही. आणि माझ्या खात्यातलं कुणीही कालच्या दिवशी उपाशी राहिलं नाही. एवढं मी छातीठोकपणे लिहू शकतो.

१२ डिसेंबर, शनिवार

लेख लिहायला घेतला. 'लांब गाणं वाजलं की समजावं' हे वाक्य कुठे घालावं ते जमत नाही. दोनदा लिहून खोडलं. काहीतरी खटकतंय.

श्रेयस आज माझ्याआधी उठून गेला. दोन लग्नांच्या बुकिंगा आल्या, फेब्रुवारीच्या. एक देवासची.

१३ डिसेंबर, रविवार

विनोदिनीवहिनी, म्हणजे भय्यासाहेबांच्या सौभाग्यवती, उरलेले लाडू घेऊन आल्या. श्रेयसचं कौतुक चाललं होतं. मग म्हणाल्या, "आणि खाण्याचा काही नखरा नाही हो त्याचा. बँडवाल्यांच्या पंगतीतच जेवला ना? आमच्यात दिसला नाही."

कुसुम म्हणाली, "नाही हो वहिनी, तो तर तुमच्यात... घरच्या पंगतीत..."

"आमच्यात कुठे? मी म्हटलं भाऊजींचं खातं आहे, त्यांनी वाढलं असेल."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

बँडची पंगत बसली तेव्हा श्रेयस हॉलमध्ये वायरी जोडत होता. मी त्याला बोलावलं नाही, कारण तो बँडवाला नव्हे, घरचा. घरच्यांच्या पंगतीला त्याला कुणी बोलावलं नाही, कारण तो घरचा असला तरी त्या दिवशी माझ्या खात्यात होता. केटररला वाटलं असेल, घरचाच आहे, घेईल. अभिजीतला मी स्वतः ताट दिलं होतं, ठेला पोचवून आल्यावर. त्यालासुद्धा विचारलं नाही की श्रेयसचं काय.

आणि त्यानं एकही लांब गाणं लावलं नव्हतं. हे मी स्वतःच्या हातानं परवा लिहिलं आहे, कौतुकानं.

वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे पोरगं उपाशी?" आणि मग त्यांना हसू आलं, कारण अशा गोष्टीत हसू येतंच. कुसुम हसली नाही. लाडूंचा डबा घेऊन आत गेली.

१४ डिसेंबर, सोमवार

आज कॉलेजला रजा टाकली. साडेदहाला पाटावर बसलो नाही. श्रेयस उठेपर्यंत थांबलो. कुसुमनं दोन ताटं केली.

तो आला, माझं ताट पाहिलं, घड्याळ पाहिलं. "बाबा, तब्येत ठीक आहे ना?"

"ठीक आहे. त्या दिवशी लग्नात तू जेवलास कुठे?"

"मी?" तो वरणभात कालवत होता. "नाही जमलं. वरातीचं ते लफडं झालं, मग टेबल सोडता आलं नाही. बॅगेत बिस्किटं असतात माझ्या."

"कुणी विचारलं नाही?"

"नाही." मग हसला. खरंच हसला, माझी गंमत वाटून. "बाबा, तुम्ही टेन्शन कशाला घेऊन राहिले? होतं असं."

"घरच्या लग्नातसुद्धा?"

"घरच्या लग्नात तर जास्तच. सगळ्यांना वाटतं दुसऱ्यानं विचारलं असेल."

"तू का नाही सांगितलंस? मी तिथेच होतो."

"तुम्ही किती खूश होतात, मास्टरांना वाढताना. आणि सांगायचं काय त्यात? काम होतं ते झालं." त्यानं पोळी मागितली, कुसुमनं वाढली. "परीक्षेचं मात्र बघू नका आता. सीझन चांगला गेला. आईला सांगितलंय मी."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगतोय ना आत्ता."

मी बरं म्हटलं. म्हणजे परवानगी दिली असं धरायला हरकत नाही. आश्चर्य म्हणजे मला वाईट वाटलं नाही. त्या दिवशीची ती सनई मी ऐकली आहे; मुलाला काम येतं. त्या कामात पोट भरेल की नाही, लोक काय म्हणतील, बँकेत पेन्शन असतं, या सगळ्या काळज्या मी दसऱ्यापासून वेळेवर आणि नियमानं करत आलो, त्या आज दुपारी जेवताना सुटल्या. दुसरी पोळी घेईपर्यंत त्यांतली एकही जागेवर नव्हती.

एक उरली आहे, आणि ती आधी दिसत नव्हती. तो एक दिवस उपाशी राहिला, याचं मला फारसं काही नाही. तरुण आहे, बिस्किटं होती. पण सांगताना तो चिडला नाही. रुसलाही नाही. भर मांडवात आपल्याला कुणीही जेवायला हाक मारली नाही, हे त्याला विशेष वाटलंच नाही. तेविसाव्या वर्षी एखाद्या मुलानं हे इतकं सहज धरून चालावं, याचा अर्थ त्याला त्याची सवय आहे. ती सवय त्याला या एका सीझनमध्ये लोकांच्या लग्नांत लागली, की त्याआधी आमच्याच घरात, हे मला ठरवता येत नाही. मला त्याची काळजी वाटते.